चंदगडचं आजोळ

आक्कांच्या डोक्यावरची तारांची टोपी नर्सने काढली आणि त्यांचे विस्कटलेले केस हाताने सारखे केले, तेव्हाच शिरीष समजला की काही जमलेलं नाही. काचेपलीकडे इंद्रजीत तसाच पडून होता. कोल्हापुरातलं एकही फुटबॉल मैदान त्याने सोडलं नव्हतं. प्रत्येकावर पंच म्हणून शिट्टी वाजवत धावला होता. आता तो आडदांड माणूस नळ्यांच्या जाळ्यात नुसता श्वास घेत होता.

"तुमच्याकडून काही कमी पडलं नाही, आक्का," डॉ. मैथिली कणबरकर म्हणाल्या. "तुमची लय शिळी झाली आहे, एवढंच."

"शिळी?" आक्का तडकल्या. "भाकरी हाय व्हय ती? सख्खी बहीण हाय मी त्याची. एका वाकळंत झोपून वाढलोय आम्ही."

"लहानपणी. लग्न होऊन तुम्ही गडहिंग्लजला गेलात त्याला जन्म लोटला, आक्का."

आक्का खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. शिरीषला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलेला हा माणूस दुसऱ्याच्या कानामागे काडी बसवताना तेवढा धीट असे, एरवी नाही.

त्या वर्षांत मेंदूच्या उपचारात जो पालट झाला होता त्याचं मूळ अगदी साधं होतं. एकाच भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली तर काही वेळाने त्यांचे लंबक एका तालात येतात. भिंतीतून जाणारे बारीक धक्के त्यांना जुळवून घेतात. माणसाच्या मेंदूतही गाढ झोपेत संथ लहरी उठत असतात. वर्षानुवर्षं शेजारी झोपणाऱ्या दोघांचे श्वास, त्यांचं कूस बदलणं, छातीचे ठोके एकमेकांना असेच बारीक धक्के देत राहतात आणि त्यांच्या लहरींना एक सारखं वळण लागतं. शास्त्रज्ञांनी त्याला सहलय म्हटलं. झटका येऊन मेंदू बेशुद्धीत बुडाला तरी हे वळण तो सगळ्यात शेवटी विसरतो. म्हणून निरोगी सोबत्याला गुंगीचं औषध देऊन निजवायचं आणि त्याच्या लहरी तारांवाटे रुग्णापर्यंत पोचवायच्या. ओळखीच्या हाकेला ओ द्यावी तसा बुडालेला मेंदू त्या लहरींमागून वर येतो. अशा तीन बैठका लागत. मात्र सोबती दूर गेला की हे वळण हळूहळू मोडतं. जो एकटा झोपतो त्याच्यातून ते रोज थोडं थोडं पुसलं जातं.

लय देणाऱ्याला फिट येण्याचा धोका होता. गरिबांना पैसे चारून लय विकत घेण्याचे प्रकारही झाले होते. त्यामुळे मूत्रपिंडासारखाच याचाही कायदा झाला. पती, पत्नी, आईवडील, मुलं, भाऊ, बहीण एवढ्यांनाच लय देता येई.

आक्कांच्या आधी डॉक्टरांनी नुसती चाचणी म्हणून ती टोपी शिरीषच्या डोक्यावर ठेवून पाहिली होती. इंद्रजीतच्या लयीशी ती किती जुळते याचा आकडा पडद्यावर आला, शंभरात ब्याण्णव. नवरा-बायकोतही साठाच्या वर तो क्वचित जाई. डॉक्टरांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा ब्याण्णव.

"एकाच खोलीत झोपता का?" त्यांनी विचारलं होतं.

"हो. फ्लॅट लहान आहे आमचा."

"असेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही. "पण लवकर काय ते करा, शिरीषराव. हा आकडा टिकायचा नाही."

*

"दोन वाटा आहेत, काका," ॲडव्होकेट निलोफर मुजावर म्हणाली. कोर्टामागच्या तिच्या छोट्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. "एक बंद आहे आणि एक वाईट आहे."

"बंद कुठली?"

"लग्नाची. विधेयक संसदेत आहे. समजा मंजूर झालं. दोन पुरुषांना लग्न करता आलं. नवरा म्हणून तुम्ही लय द्याल. पण लग्नाला दोघांनी तोंडाने हो म्हणावं लागतं. इंद्रजीतकाका कसं म्हणणार?"

"तो उठला की म्हणेल."

"आणि उठणार कसे?"

लग्न झाल्याशिवाय इंद्रजीत उठणार नव्हता, आणि उठल्याशिवाय लग्न होणार नव्हतं.

"त्यात हे." निलोफरने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. वीस वर्षांपूर्वीचं प्रतिज्ञापत्र होतं. त्यांच्या सोसायटीत फक्त कुटुंबांना घर मिळे, सड्याफटिंगांना नाही. म्हणून दोघांनी लिहून दिलं होतं, की आम्ही एकमेकांचे मावसभाऊ आहोत.

"मावसभाऊ ही कोणाची कल्पना?"

"माझी."

"अहो, निदान आतेभाऊ-मामेभाऊ तरी लिहायचं! आपल्याकडे आते-मामे लग्नं सर्रास होतात, विधेयकातसुद्धा त्या रूढीला सवलत आहे. मावस म्हणजे भावंडंच. स्वतःच्या सहीने स्वतःच्या लग्नाला मनाई करून बसलात तुम्ही." तिला हसू फुटलं आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. "माफ करा, काका."

"हस. इंद्रजीतही असाच हसायचा."

तेव्हा शिरीषने खूप विचार करून मावसभाऊ निवडलं होतं. आडनावं वेगळी असली तरी चालतं, आणि संशयाला जागा नाही. सोसायटीतल्या कोणी कधी खोदून विचारलंच तर, या भीतीने त्याने दोघांचं मिळून एक आजोळ रचलं होतं. चंदगडकडचं, उतरत्या कौलांचं. मागे फणस, पायऱ्यांची विहीर, आणि एका पायाने लंगडणारे आजोबा. रोज अंथरुणाला पाठ टेकली की तो ते मनाशी घोकत असे, परीक्षेच्या आधी मुलं घोकतात तसं. पुढे घोकायची गरज उरली नाही तरी सवय गेली नाही. त्याशिवाय झोपच येईना. इंद्रजीत म्हणायचा, "मेच्या सुट्टीत एकदा मलाही ने की रे तुझ्या त्या आजोळी. फणस खाऊन येऊ."

झटका आला त्या सकाळी मात्र तो हसत नव्हता. विधेयकावर लोकांची म्हणणी ऐकायला समिती पुण्यात येणार होती आणि इंद्रजीतला तिथे नाव देऊन उभं राहायचं होतं. शिरीषने नेहमीप्रमाणे दुकानाचं, शेजाऱ्यांचं, आक्कांचं कारण पुढे केलं. "आपण म्हातारे झालो शिऱ्या," इंद्रजीत बुटांची नाडी बांधताना म्हणाला, "आणि अजून तू मला घरात लपवून ठेवलंयस." मग उठताना तो भिंतीला धरून खाली बसला.

"वाईट वाट सांग," शिरीष म्हणाला.

"भाऊ. इंग्रजीत कझिन म्हणून एक परका प्राणी असतो. मराठीत तो भाऊच. आपल्या राज्याने तसा खुलासा काढलाय. चुलत, मावस, आते, मामे सगळे भाऊ धरायचे. प्रतिज्ञापत्र तुमच्याकडे आहेच. फक्त पुन्हा शपथेवर सांगायचं, आणि आक्कांची सही."

"रक्त तपासलं तर?"

"कोणी हरकत घेतली तरच तपासतात. हरकत घेऊ शकतात त्या एकट्या आक्का." तिने पेन खाली ठेवलं. "पण एकदा ही शपथ घेतलीत की तुम्ही कायमचे भाऊ. उद्या कायदा झाला, सगळ्यांची लग्नं लागली, तरी तुमचं नाही. आणि मध्येच खरं बाहेर आलं, तर तुम्ही तुरुंगात आणि त्यांचे उपचार त्या क्षणी बंद."

*

आक्का दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली डबा उघडून बसल्या होत्या. खात मात्र नव्हत्या. शिरीषने शपथेचं सगळं सांगितलं. त्या खाली बघत ऐकत राहिल्या.

"माझ्या आईला बहीण न्हवती, शिरीष."

"माहीत आहे, आक्का."

"पाच भावांत एकली होती ती. आजोळ आमचं कागलला. आणि दर भाऊबीजेला मी तुम्हा दोघांना शेजारी पाट मांडून ओवाळत आले. काय समजून? खुळी वाटले व्हय तुला?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ओवाळता आलं असतं?" आक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "सही करतो म्हणून सांग त्या वकीलणीला. पर एक हाय. एकदा भाऊ म्हटलं की भाऊ. ते टीव्हीवर चाललंय तसलं लग्नबिग्न परत काढायचं न्हाई. नातींच्या सोयरिकी जमवायच्यात मला. घे शपथ."

"घेतो."

"लगेच?" आक्कांनी वर पाहिलं. त्यांच्या तयारीचं भांडण वाया गेल्यासारखं झालं. "मला वाटलं, जरा तरी भांडशील."

"भांडायचं काम त्याचं होतं, आक्का. मला येत नाही."

आक्कांनी डबा त्याच्याकडे सरकवला. "खा दोन घास. तुझ्या डोक्यातली ती लय का काय ती शाबूत राहायला पायजे."

*

शपथ झाली. अधिकाऱ्याने वाचून दाखवलं, शिरीषने मागून म्हटलं. इतकी वर्षं घोकलेलं असल्यामुळे जीभ कुठे अडखळली नाही.

पहिल्या बैठकीनंतर इंद्रजीतची बोटं हलली. दुसऱ्या बैठकीनंतर त्याने डोळे उघडले, आक्कांना ओळखलं आणि पाणी मागितलं. शिरीष भिंतीला टेकून उभा राहिला. आनंदाच्या आत दुसरीच धास्ती होती. नियमाप्रमाणे अधिकारी कॅमेरा घेऊन येणार, रुग्णाला लयदात्याची ओळख विचारणार, आणि त्याआधी इंद्रजीतशी एकांतात बोलायची परवानगी नव्हती. ज्या माणसाने बुटांची नाडी बांधताना तसं सुनावलं होतं, तो कॅमेऱ्यासमोर काय बोलेल?

"हे कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"शिरीष."

"तुमचे कोण?"

"मावसभाऊ," इंद्रजीत म्हणाला. जराही न थांबता.

अधिकारी गेला. शिरीषने सुस्कारा सोडला. पठ्ठ्याने ओळखलं सगळं, त्याला वाटलं, पडल्या पडल्या ओळखलं. आक्का मोसंबं सोलत होत्या. खोलीत आता तिघंच होते.

"आक्का," इंद्रजीत म्हणाला, "चंदगडचं घर विकलं का गं?"

"कुठलं घर?"

"आजोळचं. विहीर होती बघ, पायऱ्यांची. दादानंच मला पोहायला शिकवलं तिथं. आजोबा काठावर बसायचे, लंगडा पाय पुढं सोडून." तो शिरीषकडे बघून हसला. लहान भाऊ मोठ्याकडे बघतो तसं. "आठवतंय ना, दादा? मी बुडायला लागलो तर केस धरून वर काढलास."

आक्कांच्या हातातली फोड खाली पडली. त्यांनी शिरीषकडे पाहिलं. शिरीषने मान खाली घातली. त्या विहिरीत इंद्रजीतला बुडवून वर काढायचं त्याने कुठल्याशा रात्री मनाशी रचलं होतं आणि आवडलं म्हणून राहू दिलं होतं. हे त्याने इंद्रजीतलाही कधी सांगितलं नव्हतं.

*

आपल्या मनातलं काहीतरी इंद्रजीतला आठवायला लागलंय, एवढंच शिरीषने सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "असं होतं कधीकधी. एक डावखुऱ्या बाई होत्या, त्यांनी नवऱ्याला लय दिली. नवरा उठला तो डाव्या हाताने जेवायला लागला. झोपेच्या तोंडावर मेंदू वर्षानुवर्षं जे गिरवतो ते लहरींबरोबर पलीकडे जातं. दुखावलेल्या मेंदूत जिथे रिकामं असेल तिथे ते जाऊन बसतं."

"निघतं का ते पुढे?"

"तिसऱ्या बैठकीत उलट पक्कं होतं. मुरतं म्हणा."

"आणि तिसरी नाहीच केली तर?"

"तर ते परत झोपतील, शिरीषराव. आणि मग नाही उठायचे." त्या जरा पुढे झुकल्या. "काय गेलंय पलीकडे?"

सांगणं म्हणजे शपथ मोडणं होतं. शपथ मोडली की बैठक बंद. "आजोळ," शिरीष म्हणाला.

"मग चांगलंच आहे की!" डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

ब्याण्णवचा आकडा कसा कोण जाणे बाहेर फुटला होता. कोल्हापूरच्या दोन भावांची बातमी झाली, दुकानाबाहेर कोणी हार घेऊन आलं. आणि विधेयकावरच्या चर्चेत एक खासदार विरोधात उभे राहून बोलले, ते इंद्रजीत उशीला टेकून टीव्हीवर बघत होता. "सगळ्यात मोठा आकडा कोणाचा? नवरा-बायकोचा नाही. दोन अविवाहित भावांचा! पुरुषा-पुरुषात एवढी माया असू शकते आणि तिला लग्नाचं नाव लागत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?" बाकं वाजली.

"बरोबर बोलतोय की माणूस," इंद्रजीत म्हणाला. "न्हाई का, दादा?"

आक्का औषधं आणायला गेल्या होत्या. शिरीषने टीव्ही बंद केला आणि दार लावून घेतलं.

"इंद्या, ऐक. मी तुझा भाऊ नाही."

"म्हणजे?"

"चंदगडला आपलं कोणी नाही. विहीर नाही. आजोबा नाहीत. ते मी रचलेलं आहे, घर मिळावं म्हणून. तू एकदा मैदानावर चेंडू लागून फुटलेला चष्मा घेऊन माझ्या दुकानात आलास. काचेचे पैसे द्यायचे विसरलास म्हणून संध्याकाळी परत आलास. मग रोजच यायला लागलास. आपण तेव्हापासून..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याने कधी कोणाजवळ उच्चारलं नव्हतं, आणि आता उच्चारायचं तर नेमका याच्याजवळ. "तेव्हापासून आपण एका संसारात आहोत. नवरा-बायको असतात तसे. तुला पुण्याला जाऊन हेच सांगायचं होतं. मी अडवलं."

इंद्रजीत त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, किळसही नव्हती. आजारी माणसाची काळजी करावी तशी काळजी होती.

"दमलायस तू," तो हळूच म्हणाला. "माझ्यापायी तुझ्या डोक्याला तारा लावून घेतल्यास, त्यानं झालं असेल. असं काही असतं तर मला आठवलं नसतं, दादा?"

पुण्याला जाण्यापासून शिरीषने ज्याला अडवलं होतं, तो माणूस आता सबंध जगात कुठेच उरला नव्हता. उरला असलाच तर शिरीषच्या डोक्यात, आणि तिथेही तो कधी झोपेच्या तोंडावर गिरवलेला नव्हता.

*

तिसऱ्या बैठकीला दोन खाटा शेजारी लावल्या होत्या. काचेपलीकडे बरीच माणसं होती. अधिकारी, शिकाऊ डॉक्टर, कुठल्याशा वाहिनीचा कॅमेरा, आणि सगळ्यांच्या पुढे आक्का. आक्कांनी सकाळी शिरीषला बाजूला घेऊन विचारलं होतं, "न्हाई केलं तर?" त्याने सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मला हेच पायजे होतं रं, भाऊ-भाऊ. पर असं न्हवतं पायजे."

नर्सने शिरीषच्या डोक्यावर टोपी बसवली. शेजारच्या खाटेवर इंद्रजीत घाबरला होता. यावेळी तो जागा होता आणि तारा बघत होता.

"दादा," त्याने हात पुढे केला. "हात धर माझा."

शिरीषने धरला. तोच हात होता, तळव्याला घट्टे असलेला, अंगठ्याजवळ जुनी जखम असलेला. इतक्या माणसांसमोर हा हात त्याने जन्मात पहिल्यांदा धरला. काचेपलीकडे कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "भाऊ असावा तर असा."

"आता काही विचार करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "रोज झोपता तसे झोपा."

दंडात सुई टोचली गेली. शिरीषला ठाऊक होतं, गुंगी चढेपर्यंत थोडे श्वास हातात आहेत, आणि त्यांत जे मनात असेल ते पलीकडे जाणार आहे. फणसाची सावली सवयीने पुढे आली. त्याने ती ढकलली. विहिरीच्या पायऱ्या आल्या. त्याही ढकलल्या. डॉक्टर कुठूनतरी म्हणत होत्या की लय अडखळते आहे, शांत राहा, शिरीषराव, शांत. त्याने इंद्रजीतचा हात घट्ट आवळला आणि मनाशी म्हणायला सुरुवात केली. हा इंद्रजीत. हा माझा. पुढचा शब्द येईना. तो त्याने कधी मनातसुद्धा म्हटलेला नव्हता, त्याला त्याची चव ठाऊक नव्हती, आणि त्या जागेवर दुसरा शब्द वीस वर्षं पाय पसरून बसला होता. हा माझा, त्याने पुन्हा म्हटलं. जीभ जड झाली. हा माझा. डॉक्टर म्हणाल्या, आता छान, आता सरळ चालली आहे. हा माझा, शिरीष म्हणत राहिला, माझा, माझा, आणि औषधाने त्याला ओढून नेलं.